तोंडी लावायला काय?

बाबा, तुमची नात जेवत नाही. एवढंच सांगायला बसलो होतो, पण हे एक वाक्य लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं ते कळेना, म्हणून उठून चहा करून आलो. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत. तिला दात येत होते, ती सारखी किरकिरत होती, आणि तुम्ही आम्हा कुणालाही न विचारता भाकरीचा कडक पापुद्रा तिच्या मुठीत दिलात. बायको घाबरली, घशात अडकेल म्हणाली. "मी समोर बसलोय ना," असं म्हणून तो तुकडा भिजून नाहीसा होईपर्यंत तुम्ही तिच्या पुढ्यातून हलला नाहीत. ती मुलगी आता शिकागोला कॉलेजात आहे. एका मैत्रिणीबरोबर अपार्टमेंट घेऊन राहते. गेल्या थंडीपासून तिचं खाणं, हसणं, फोन उचलणं सगळंच कमी कमी होत गेलं. डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत, बोलायला दर आठवड्याला एक बाई आहेत. जे करायचं ते सगळं आम्ही करतोय, असं सगळे आम्हाला सांगतात. त्या आजाराचं इंग्रजी नाव तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुमच्या भाषेत तिच्या तोंडाची चव गेली आहे.

मागच्या महिन्यात मी आठवडाभर तिच्याकडे राहायला गेलो. बायकोला रजा मिळेना, आणि खरं सांगायचं तर मीच म्हणालो की मला जाऊ दे, मला यातलं कळतं. कुठून कळतं हे तिला सांगितलं नाही. तुम्हाला स्वयंपाक येत होता हे आईलासुद्धा धड माहीत नव्हतं, मग सुनेला कुठून असणार? नाशिकच्या घरात तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा खुर्चीवरून मागायचात. स्वयंपाकघर आईचं होतं आणि तुम्ही तिथले पाहुणे. महिन्या-दोन महिन्यांतून यायचात, जेवायचात, "छान झालंय" म्हणायचात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जायचात. पाटबंधारे खात्याने तुम्हाला एकदा मराठवाड्यात टाकलं ते टाकलंच. सगळे नातेवाईक हळहळायचे, बिचारा खोलीवर काय खात असेल म्हणून. आई डबे भरून चिवडा द्यायची.

दहावीची परीक्षा झाल्यावर मी फार उनाडक्या करायला लागलो म्हणून आईने मला हिंगोलीला तुमच्याकडे धाडलं, तेव्हा मला कळलं तुम्ही काय खाता ते. घरमालकांच्या मागच्या अंगाला तुमची एक खोली, एक खिडकी, वातीचा स्टोव्ह, लहानसा कुकर, फोडणीचं काळं पडलेलं कढलं, आणि दाण्यांचा एक डबा. संध्याकाळी ऑफिसातून आलात की हातपाय धुऊन, पायजमा चढवून तुम्ही स्टोव्हपुढे पाटावर बसता, मिरची चिरता, आणि चिरता चिरता गुणगुणता. तुम्हाला गुणगुणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरी पेपरच्या मागे बसणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं. गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. आमच्यापासून इतक्या लांब राहून माणसाने एवढं खुशीत का असावं, हे मला पटेना. तो राग पुरता गेलाय असं आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आज काय करू या?" मी कॉटवर पडून मासिक वाचत होतो. म्हटलं, "काहीही चालेल." तुम्ही सुरी खाली ठेवलीत. आवाज न चढवता म्हणालात, "काहीही चालेल असं गुरंसुद्धा म्हणत नाहीत. वाळलेलं टाकून बघ त्यांच्यापुढे, मान फिरवतात. तुला काय खावंसं वाटतंय ते सांग. मला जमेल ते मी करीन, पण वाटायचं काम तुझं." तुमचं बोलणं मला चांगलंच लागलं. कॉटवरून उठून बसलो आणि खरंच विचार करायला लागलो की मला काय खावंसं वाटतंय. मग म्हटलं, पिठलं. तुम्ही म्हणालात, "हां. आणि तोंडी लावायला?"

हा तुमचा प्रश्न. आमटी-भात काय, खिचडी काय, भुकेपुरतं कुणीही रांधतो. पण ताटाच्या डाव्या बाजूला काहीतरी हवंच, अगदी एकट्याचं ताट असलं तरी, किंबहुना एकट्याचं असलं तर जास्तच. बुक्कीने फोडलेला कांदा. तेलावर परतून मीठ भुरभुरलेल्या मिरच्या. पापड भाजून, चुरून, त्यात कच्चं तेल आणि तिखट. कैरीची फोड आणि तीवर गूळ. काहीच नसलं तर नुसते दाणे. त्याला खर्च म्हणून नाहीच, पाच मिनिटांचं काम, पण ते करताना तुम्ही असे मन लावून बसायचात की जेवायला कुणी मोठं माणूस येणार आहे असं वाटावं. येणार कुणी नसायचं. आपण दोघंच, आणि मी परत गेलो की तुम्ही एकटे.

मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईने मेतकूट, गोडा मसाला, लाडू, कशाकशाने बॅग फुगवली. तुम्ही खोलीवरचं ते कढलं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बुटात खुपसलंत. तिकडे फोडणीला लहान भांडं मिळणार नाही, म्हणालात. आईने विचारलं, हे कुठलं जुनाट? तुम्ही म्हणालात, ऑफिसातल्या एकाने दिलं.

आमचं विद्यापीठाचं गाव म्हणजे मक्याच्या शेतांमध्ये अचानक उगवलेल्या चार इमारती. आम्ही चौघं मुलं एका फ्लॅटमध्ये, आणि फ्रिजवर कागद चिकटवलेला, कुणाची टर्न कधी. पहिल्याच टर्नला मी भात जाळला. तुम्ही शिकवलं होतं तसंच सगळं केलं होतं: शिट्टी झाली की आच बारीक. पण तिथे आच नव्हतीच. विजेची लाल होणारी कॉइल, बटण कितीही फिरवा, ती आपल्या मनाने निवायची. खालचा भात कोळसा, वरचा कच्चा. नागपूरचा रूममेट कुकरात डोकावून म्हणाला, "अबे, हे तर थीसिसपेक्षा कठीण झालं यार." त्या शनिवारी संध्याकाळी मी फोनच्या कार्डावरून तुमच्या घरमालकांकडे फोन केला. तिकडे रविवारची सकाळ, तुम्ही ओसरीवर वाट बघत बसलेले. मी सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत आणि बघतो म्हणालात, जसा काही एखादा कालवा फुटला होता. पुढच्या रविवारी उत्तर तयार होतं. शेजारची दुसरी कॉइल आधीपासून मंद लावून ठेव, शिट्टी झाली की कुकर उचलून तिच्यावर ठेव. तुम्ही ती शेगडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्यानंतर माझा भात कधी जळला नाही.

आणि मग आम्ही काय जेवलो, बाबा. इंडियन दुकान लांब होतं, कुणा सीनियरची गाडी मिळाली तर महिन्यातून एकदा. एरवी साध्या अमेरिकन दुकानात जे स्वस्त ते आमचं. सूपसाठी विकायला ठेवलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, तिचं वरण बरं होतं. कोबी, बटाटे, अंडी. तांबडे इवलेसे मुळे, पाला फेकून द्यायचा नाही ही तुमची ताकीद, तो बारीक चिरून त्याच डाळीत. शिळ्या ब्रेडचा फोडणीचा चिवडा. माझी टर्न असली की तोंडी लावायला काहीतरी असायचंच, आणि त्या नागपूरकराला त्याची इतकी सवय लागली की दुसऱ्याच्या टर्नला तो ताटाची डावी बाजू दाखवून म्हणायचा, "इथे प्लॉट रिकामा आहे." परीक्षेच्या दिवसांत, खिडकीबाहेर बर्फ आणि हातात मुळ्याची पचडी, मी इतका सुखी होतो की कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.

पण तो पहिला हिवाळा पुढे वाईट गेला. प्रोफेसरांनी माझं काम बाजूला सारलं, पुढच्या सेमिस्टरची फंडिंग जाईल असं वाटायला लागलं, दुपारी चारलाच अंधार व्हायचा. टर्न होती म्हणून रांधायचो, तिघांना वाढायचो, आणि भूक नाही म्हणून आत जाऊन पडायचो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. शनिवारी तुम्हाला फोन केला. अभ्यास चांगला चाललाय, तब्येत चांगली आहे, जेवलो, वरण-भात. तुम्ही विचारलंत, "तोंडी लावायला काय?" खोटं बोलायचं म्हटलं तरी एक कांदा म्हणता आला असता, पण तेवढंही तोंडातून निघेना.

तुम्ही काय झालं म्हणून विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "घरात दाणे आहेत?" होते. "मग आत्ता भाज. मी फोन धरतो." कार्ड संपेल म्हटलं, तर संपलं की कळेलच म्हणालात. मी रिसीव्हर मानेत धरून तव्यावर दाणे टाकले. तुम्ही तिकडे ऐकत. मग, "तडतडतायत का?" मग, "सालं काढत बसू नकोस. लसणाची पाकळी घे, तिखट, मीठ. खलबत्ता नाही तर चहाच्या मगाच्या बुडाने चेच." फोन मध्येच तुटला. मी चटणी चेचली आणि गार भाताबरोबर उभ्यानेच खाल्ली, मग आणखी भात घेतला, मग खाली बसलो. खाता खाता रडत होतो आणि तरीही खात होतो. त्याने सगळं सुधारलं असं नाही. फंडिंगचं वसंत ऋतूपर्यंत काही नक्की नव्हतं. पण भूक परत आली, आणि भूक आली की बाकीच्याशी भांडता येतं.

रिटायर होऊन तुम्ही नाशिकला परत आलात. पुन्हा पाहुणे झालात, आता कायमचे. मी फोन केला की आईशी बोलायचो आणि शेवटी तुमच्याशी. एका फोनवर मी सहज, तुमचीच थट्टा करायची म्हणून विचारलं, "मग, तोंडी लावायला काय होतं आज?" तुम्ही म्हणालात, "होतं काहीतरी. लक्ष नाही गेलं." बाबा, मला त्याच क्षणी कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, महिना झाला, लोणचंसुद्धा नको म्हणतात. मी आईला तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला लावलं, तपासण्या करायला लावल्या. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं, सातासमुद्रापलीकडून. त्याचा काही उपयोग झाला नाही. मी पोचलो तेव्हा तुम्ही पेजेवर होतात. आई देवळात गेल्याचं बघून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि तुम्हाला विचारलं, "काय करू तुमच्यासाठी?" तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "काहीही चालेल." शेवटी काय केलं ते मला आठवत नाही, आणि तुम्ही ते खाल्लंत का तेही.

तर हे असं सगळं बरोबर घेऊन मी शिकागोला गेलो होतो. डेव्हन ॲव्हेन्यूच्या इंडियन दुकानांत बसने जाऊन पिशव्या भरून आणल्या, दाणे, लसूण, मेथी, ताजी कैरीसुद्धा मिळाली. मनात पक्कं होतं की मला हे जमतं, माझ्यासाठी कुणीतरी हे केलेलं आहे. पोरगी ब्लँकेट अंगाभोवती घेऊन ओट्यापाशी उंच स्टुलावर बसायची. हाडं दिसतात तिची, बाबा. मी विचारलं, "काय खावंसं वाटतंय तुला?" ती म्हणाली, "काहीही, बाबा. आय डोन्ट केअर, रिअली." तुमचं गुरांचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. तिच्याकडे बघून तसं बोलवत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी दाणे भाजले. तिला म्हटलं, ऐक, तडतडतायत का सांग. तिने ऐकलं. म्हणाली, "इट स्मेल्स नाइस." मगाने चटणी चेचली, गरम भात, वर कच्चं तेल, ताट तिच्यापुढे सरकवलं. दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरून राहिली. मग तो परत ताटात ठेवून म्हणाली, "आय ॲम ट्रायिंग, बाबा. खरंच करतेय." आणि आत जाऊन झोपली. मी तिथेच बसून राहिलो. जी एक गोष्ट मला येत होती ती करून झाली होती, आणि काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिठलं, मग मेथीची गोळाभाजी, मग खिचडी आणि कैरी. रोज दोन घास, फार तर चार. रोज तेच शब्द, चांगलं झालंय, बाबा, मला माफ कर. कशाबद्दल माफ करायचं?

गुरुवारी मी कांदा चिरत होतो तर ती म्हणाली, "तू गुणगुणतोयस." मी थांबलो. "नको, थांबू नकोस. यू लुक हॅपी हिअर. घरी तू असा नसतोस." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं, पण मला तोंड लपवावंसं वाटलं. घरी मी खरंच असा नसतो. आमच्या अल्फारेटाच्या घरात दोन ओव्हन आहेत, बायको तिच्या वेळेला जेवते, मी माझ्या, डबा गरम करून लॅपटॉपसमोर, काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. तुम्ही आमच्यापासून लांब खुशीत होतात याचा मला इतकी वर्षं राग होता. आता विचारायला तुम्ही नाही, पण मला वाटतं तुम्हालाही तिथे ते खरंच आवडत होतं आणि लाजही वाटत होती, म्हणून तुम्ही घरी येऊन पेपरमागे बसत होतात.

शनिवारी तीच म्हणाली, "बाबा, तू आता जा." रागावून नाही. "तू माझ्या ताटाकडे बघतोस ना, मला घास गिळवत नाही. तू समोर नसलास की कदाचित जमेल." मी बरं म्हटलं. फ्रीजरमध्ये डबे लावले, प्रत्येकावर काय आहे ते लिहिलं, तिच्या मैत्रिणीला दाखवून ठेवलं. दारात तिने मला मिठी मारली तेव्हा हाताला लागलं ते नुसतं ब्लँकेट. विमानात मी विचार करत होतो की तुम्ही फोनवर होतात म्हणून मी जेवलो, समोर असतात तर जेवलो असतो का? माहीत नाही. तुम्ही तिकडे काही दिसत नसताना कसे बसून राहिलात, तेही माहीत नाही. मला तर दर रविवारी फोन उचलायची भीती वाटते. ती डबा संपवला म्हणते, मी शाबास म्हणतो, आणि तुमचा प्रश्न काही मी विचारत नाही.

हे लिहून मी बंद करून ठेवणार आहे. बायकोला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला चुकीची कळली आहे आणि ती तशीच राहू द्यायची माझी इच्छा आहे. मी घरी आलो तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "जेवत होती का रे ती?" मी म्हटलं, "ताटात काही राहत नव्हतं." ती जिन्यावरच बसली, तोंड हातात धरून रडली, आणि म्हणाली की किती दिवसांनी जरा बरं वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. तिचं ताट रोज मी संपवत होतो, बाबा. आणि ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना मला ते जेवण गोड लागत होतं.